बुडालेल्या नदीचे रंग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा राज्याच्या आग्नेय भागात मोक्वी नावाचा एक लहानसा ओढा आहे. २ सप्टेंबर १९६२ या दिवशी एलियट पोर्टर या छायाचित्रकाराने त्या ओढ्याच्या पृष्ठभागावर पडलेली हिरवी प्रतिबिंबे रंगीत फिल्मवर टिपली. या चित्रात क्षितिज नाही, मनुष्याची खूणही नाही. आहे ते केवळ पाणी आणि त्यावर हेलकावणारा रंग. पाहणाऱ्याला प्रथम वाटते की, हा एखाद्या दाट वनराईतला झरा असावा. वस्तुतः ज्या प्रदेशात तो वाहतो तेथे वर्षाकाठी २० सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. चित्र घेतल्याला जेमतेम सहा महिने लोटले, आणि हा ओढा ज्या कोलोरॅडो नदीला मिळत होता तिच्यावरील ग्लेन कॅन्यन धरणाचा वळण-बोगदा १३ मार्च १९६३ रोजी बंद करण्यात आला. धरणामागे पाणी तुंबू लागले. पुढे सतरा वर्षे ते चढत राहिले, आणि जून १९८० मध्ये जलाशय काठोकाठ भरला. पोर्टरने या घळईत टिपलेली बहुतेक स्थळे त्याच्या तळाशी गेली.

या चित्रांकडे म्हणूनच दोन प्रकारांनी पाहावे लागते. ती कलाकृती आहेत, तशीच ती साक्षही आहेत. साक्ष म्हटली की ती कितपत विश्वसनीय, हा प्रश्न ओघानेच येतो. आणि रंगाच्या बाबतीत तो अधिकच अवघड होतो. कृष्णधवल छायाचित्र खरे रंग दाखवीत नाही हे सर्वांनाच ठाऊक असते, त्यामुळे त्याच्याकडून तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. रंगीत चित्र मात्र 'हे असेच होते' असा दावा करीत समोर येते. ज्या नदीकडे जाऊन तो दावा पडताळून पाहण्याची सोयच उरली नाही, तिच्या चित्रांचे मोल कसे ठरवावे?

कोलोरॅडो ही सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची नदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि नैर्ऋत्येकडील रुक्ष पठारातून वाट काढीत मेक्सिकोकडे जाते. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तांबूस रंगाची असा आहे. पठारावरील लाल माती आणि वालुकाश्म यांचा चुरा ती इतक्या प्रमाणात वाहून नेत असे की, धरणापूर्वीच्या काळात तिचे पाणी वर्षाचा बराच भाग विटेच्या रंगाचे असे. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८६९ मध्ये नावांतून या नदीचा प्रवास केला, आणि त्या प्रवासात लागलेल्या एका शांत, वळणावळणाच्या भागाला त्यानेच ग्लेन कॅन्यन हे नाव दिले. हा भाग सुमारे २७० किलोमीटर लांबीचा होता. त्याच्या खाली असलेल्या प्रसिद्ध ग्रँड कॅन्यनमध्ये नदी धबाबा कोसळते. ग्लेन कॅन्यनमध्ये ती संथ होती. उंच गुळगुळीत कडे, त्यांतून नदीला येऊन मिळणाऱ्या शंभराहून अधिक अरुंद उपघळी, आणि त्या उपघळींत बारमाही पाझरणारे झरे हे तिचे वैशिष्ट्य होते. वाळवंटातील नदीचे सौंदर्य बहुधा तिच्या मुख्य प्रवाहात नसते, ते अशा आडवाटांत असते.

येथे ऋतूंविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे शरद म्हटला की आश्विन-कार्तिकातील निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे डोळ्यांपुढे येते. पानगळ आपण शिशिराशी जोडतो. उत्तर अमेरिकेत हे दोन्ही अर्थ एकाच ऋतूत एकवटतात. ग्लेन कॅन्यनच्या प्रदेशात मे-जूनमध्ये रॉकी पर्वतातील बर्फ वितळून नदीला मोठा पूर येतो. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वादळी सरी कोसळतात, आणि एखादी कोरडी उपघळ तासाभरात चिखलाने भरून वाहू लागते. त्यानंतर पाणी ओसरते. ओढे निवळतात, गाळ खाली बसतो, वाळूच्या पट्ट्यांवर लाटांच्या खुणा उमटून राहतात. सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. त्या अक्षांशावर जूनच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ७६ अंश उंच असतो, तर ऑक्टोबरअखेर जेमतेम ४० अंश. ज्या घळईत उन्हाळ्यात भर दुपारी ऊन सरळ तळाशी उतरते, तेथे शरदात ते एका कड्याच्या माथ्यावरच अडते, आणि तळाला पोचतो तो केवळ परावर्तित प्रकाश. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी गोष्ट होय.

पानांचा रंग नंतर येतो. ओढ्यांच्या काठाने वाढणारे कॉटनवुड हे पॉपलरच्या कुळातील झाड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिवळे होते. हा पिवळा रंग नव्याने तयार होत नाही. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्ये पानात उन्हाळाभर असतातच. हिरव्या हरितद्रव्याने ती झाकलेली असतात. दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की झाड हरितद्रव्याची मोडतोड करून त्यातील उपयुक्त नत्र आत ओढून घेते, आणि मागे उरलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारखी काही झाडे याच वेळी तांबडे द्रव्यही बनवितात, म्हणून ती लालभडक दिसतात. कॉटनवुड मात्र पिवळ्यावरच थांबते. पोर्टरचे मोक्वी ओढ्यावरील चित्र सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसाचे, म्हणजे या ऋतूच्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. प्रकाश कलू लागलेला आहे, पण पाने अजून हिरवी आहेत.

पोर्टर हा छायाचित्रणाकडे बराच उशिरा आणि आडमार्गाने वळला. त्याचा जन्म १९०१ मध्ये शिकागोजवळ झाला. हार्वर्ड विद्यापीठात त्याने आधी रासायनिक अभियांत्रिकीचे आणि नंतर वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि त्याच विद्यापीठात तो संशोधन व अध्यापन करीत राहिला. १९३८ च्या अखेरीस आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या नामवंत छायाचित्रकाराने न्यूयॉर्कमधील आपल्या दालनात त्याच्या कृष्णधवल चित्रांचे प्रदर्शन भरविले, आणि त्यानंतर पोर्टरने प्रयोगशाळा सोडली. रंगाकडे तो वळला तो पक्ष्यांमुळे. त्याने काढलेली पक्ष्यांची छायाचित्रे एका प्रकाशकाने परत केली. चित्रे उत्तम होती, पण कृष्णधवल चित्रांत पक्ष्यांची जात ओळखू येत नव्हती. रंगीत फिल्म बाजारात येऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. रसायनशास्त्र जाणणाऱ्या या माणसाने रंगीत चित्रे स्वतः छापण्याची विद्या आत्मसात केली, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षे तो तीत रमला. त्या काळी गंभीर छायाचित्रकार रंगाला कमी लेखीत. रंग जाहिरातींसाठी, अशी सर्वसाधारण समजूत होती. पोर्टरने या समजुतीशी वाद घातला नाही. तो चित्रे छापीत राहिला.

ग्लेन कॅन्यनमध्ये तो प्रथम १९६० च्या सप्टेंबरमध्ये नावेने गेला. धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले होते आणि घळईचे दिवस मोजके उरले होते. त्यानंतर तो पुनःपुन्हा गेला. १९६१ च्या एका फेरीत प्रसिद्ध चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ त्याच्याबरोबर होती. त्याचा कॅमेरा तिपाईवर बसविण्याचा, १० × १२.५ सेंटिमीटर आकाराच्या सुट्या फिल्मचा होता. काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवरील उलटी प्रतिमा न्याहाळायची, भिंग बारीक करायचे आणि मग झडप उघडायची, असा तो प्रकार. फिल्म मंद, घळईतील उजेड कमी. त्यामुळे एकेका चित्राला काही सेकंद लागत. वारा असेल तर पान हलणार, म्हणून वाट पाहायची.

आता प्रकाशाचा मुद्दा. घळईचे कडे प्रामुख्याने नवाहो वालुकाश्माचे आहेत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात, येथे वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या. त्याच दगड बनून राहिल्या आहेत. वाळूच्या कणांवरील लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ लेपाने दगडाला तांबूस रंग येतो. कड्यांवरून खाली ओघळलेले काळे-जांभळट पट्टे दिसतात, त्यांना वाळवंटी रोगण म्हणतात. मँगॅनीज, लोह आणि चिकणमाती यांचा तो अत्यंत पातळ थर असून तो बनायला हजारो वर्षे लागतात.

तांबूस दगड पांढऱ्या उन्हातील निळा भाग अधिक शोषतो व तांबडा-पिवळा भाग अधिक परत फेकतो. समजा, उदाहरणादाखल, एका भिंतीने तांबड्या प्रकाशाचा निम्मा आणि निळ्याचा एकपंचमांश भाग परत फेकला. पहिल्या आदळण्यानंतर तांबडा निळ्याच्या अडीच पट उरेल. हाच प्रकाश समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा परतला की ते प्रमाण सव्वासहा पटींच्या घरात जाईल, आणि तिसऱ्या वेळी पंधरा पटींच्या वर. अरुंद उपघळीच्या तळाशी पोचणारा प्रकाश असा अनेक भिंतींवर आदळत आलेला असतो. म्हणून तेथे दगड आतून पेटल्यासारखा नारिंगी दिसतो. याच्या उलट, जो दगड उन्हाकडेही नाही आणि उन्हाने उजळलेल्या भिंतीकडेही नाही, त्याला वरच्या निळ्या आकाशाचाच काय तो उजेड मिळतो. तो निळसर होतो, आणि तांबूस दगडावर निळा उजेड पडला की जांभळी छटा येते. ओल्या दगडावर आणि पाण्यावर हे दोन्ही प्रकाश शेजारी शेजारी पडतात. पाणी तिरकस पाहिले तर आरशाचे काम करते, सरळ खाली पाहिले तर तळ दाखविते. म्हणून एकाच डबक्यात अलीकडे तळाची वाळू, मधे आकाशाची निळाई आणि पलीकडे उन्हातल्या कड्याचे सोने, असे तीन रंग दिसू शकतात. पोर्टर आपल्या चित्रांतून आकाश बहुधा वगळतो ते यामुळेच. आकाशाचा रंग त्याच्या चित्रांत असतो, पण तो पाण्यावर असतो.

माणसाचा डोळा हे सर्व पाहतो खरा, पण त्याला ते जाणवत नाही. सावलीत ठेवलेला पांढरा कागद प्रत्यक्षात निळसर असतो. मेंदू तो पांढराच धरून चालतो. फिल्मला असा समजूतदारपणा नसतो. ती दुपारच्या उन्हाला पांढरे मानून बनविलेली असते, आणि सावलीतला निळा तिला निळाच दिसतो. पोर्टरवर रंग भडक केल्याचा आरोप अनेकदा झाला. त्यातील काही भाग केवळ या कारणाने निकालात निघतो. जे डोळ्यांनी पाहिले पण मनाने नोंदले नाही, ते चित्रात पाहून लोक चकित झाले.

मात्र सगळाच आरोप असा निकालात निघत नाही. त्यासाठी पोर्टर चित्रे कशी छापीत असे ते समजून घ्यायला हवे.

या पद्धतीला डाय ट्रान्स्फर म्हणतात. मराठीत रंगस्थानांतर म्हणता येईल. मूळ रंगीत पारदर्शिकेवरून प्रथम तीन कृष्णधवल निगेटिव्ह घेतात: एक तांबड्या, एक हिरव्या आणि एक निळ्या काचेतून. म्हणजे चित्रातील रंगाची तीन भागांत वाटणी होते. प्रत्येक निगेटिव्हवरून, छापायच्या चित्राच्या पूर्ण आकाराची, जिलेटिनचा जाड थर दिलेली एक फिल्म उजेड दाखवून तयार करतात. हिचे विकसन अशा रसायनात करतात की, जेथे उजेड जास्त पडला तेथे जिलेटिन जास्त खोलवर घट्ट होते. मग ही फिल्म गरम पाण्यात धुतात. घट्ट न झालेले जिलेटिन वाहून जाते आणि उरतो तो एक अतिशय उथळ उठाव. कोकणातला जांभा पावसाने झिजून उंचसखल व्हावा, तसाच हा प्रकार, फक्त मिलिमीटरच्या अंशांत. असे तीन साचे तयार झाले की एक हिरवट निळ्या, एक किरमिजी आणि एक पिवळ्या रंगाच्या द्रावणात बुडवितात. जेथे जिलेटिन जाड तेथे रंग जास्त शोषला जातो. सौम्य आम्लात खळबळून जादा रंग काढून टाकला की साचा एका खास लेप दिलेल्या कागदावर पालथा घालून रुळाने दाबतात. काही मिनिटांत रंग साच्यातून कागदात उतरतो. मग दुसरा साचा, मग तिसरा. आणि तिन्ही केसभरही न सरकता एकावर एक बसले पाहिजेत. पहिले समाधानकारक चित्र हाती येईपर्यंत कित्येक दिवस जातात.

इतका खटाटोप कशासाठी? कारण यात प्रत्येक रंग वेगळा हाताशी राहतो. आम्लाचे प्रमाण बदलले की किरमिजी थोडा उतरतो; पिवळ्या साच्याला जास्त वेळ दिला तर पिवळा चढतो. पारदर्शिकेत जी निळाई अति वाटते ती कमी करता येते, किंवा वाढविताही येते. लांब वेळ उघड्या ठेवलेल्या फिल्मचे तीन थर सारख्या प्रमाणात प्रतिसाद देत नाहीत आणि रंग एका बाजूला झुकतो. तो दोष येथे सुधारता येतो. पण दोष कोणता आणि गुण कोणता हे ठरविणार कोण? घळईत त्या सकाळी उभा असलेला माणूसच ते ठरवीत होता, आणि तेही महिन्यांनंतर, आठवणीवर विसंबून. पोर्टरच्या काही छापांत किरमिजी रंगाची हाताला सवय झाल्यासारखी वाटते, हे मान्य केले पाहिजे. एकाच पारदर्शिकेवरून निरनिराळ्या वर्षी छापलेली चित्रे शेजारी ठेवली तर ती तंतोतंत सारखी निघण्याचे काही कारण नसते. साक्षीदार तोच, पण प्रत्येक वेळी त्याचे शब्द थोडे वेगळे. न्यायालयात अशी साक्ष संशयास्पद ठरेल. आठवणीच्या व्यवहारात ती स्वाभाविक आहे. तरीही एक गोष्ट पोर्टरच्या बाजूने सांगता येते. रंगाची छटा त्याने बदलली असेल, पण जो रंग तेथे नव्हताच तो त्याने आणल्यासारखा वाटत नाही. नारिंगी भिंतीसमोरचे पाणी नारिंगी, आकाशाखालचे निळे, हा प्रकाशाचा हिशेब त्याच्या चित्रांत जुळतो. चित्र पाहून दिवसाचा कोणता प्रहर आणि कोणत्या बाजूला ऊन, हे बहुधा सांगता येते.

१९६३ मध्ये सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने ही चित्रे मोठ्या आकाराच्या ग्रंथात प्रसिद्ध केली. 'कोणालाच ठाऊक नसलेले ठिकाण' अशा अर्थाचे त्याचे नाव होते, आणि संपादन संस्थेचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्राउअर यांनी केले होते. या ग्रंथामागे एक कडू इतिहास होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत सरकारने कोलोरॅडो खोऱ्यात अनेक धरणांची योजना मांडली. त्यांतील एको पार्क येथील धरण डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत येत होते. निसर्गप्रेमी संस्थांनी त्याविरुद्ध जोराचा लढा दिला आणि १९५६ च्या कायद्यातून ते वगळले गेले. पण त्या बदल्यात ग्लेन कॅन्यनच्या धरणाला असलेला विरोध सोडून देण्यात आला. ही घळई कोणत्याही उद्यानात नव्हती, आणि ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती पाहिली होती. ब्राउअर यांनी ती पुढे पाहिली, आणि या नाशाला आपणही अंशतः जबाबदार आहोत हे ग्रंथाच्या आरंभीच लिहिले. ग्रंथ बाजारात आला तेव्हा पाणी चढू लागले होते. ग्लेन कॅन्यन त्याने वाचणार नव्हते. परंतु त्याच सुमारास ग्रँड कॅन्यनच्या परिसरात दोन धरणे बांधण्याचा प्रस्ताव पुढे येत होता, आणि त्या वादात या चित्रांनी आपली भूमिका बजावली. १९६८ च्या कायद्यात ती दोन्ही धरणे नव्हती.

धरणाची बाजूही सांगायला हवी. २१६ मीटर उंचीच्या या बंधाऱ्यामागील पाण्यावर वरच्या खोऱ्यातील राज्यांचा १९२२ च्या करारातील वाटा सांभाळला जातो, आणि त्याच्या वीजगृहाची क्षमता सुमारे १,३२० मेगावॉट आहे. वाळवंटात शहरे वसवायची तर पाणी कोठेतरी साठवावे लागते. ते येथेच साठवायला हवे होते काय, हा प्रश्न वेगळा. दुसरा एक परिणाम कोणी फारसा मनात धरला नव्हता. नदीचा सगळा गाळ जलाशयात बसू लागला, आणि धरणाच्या खालून बाहेर पडणारे पाणी थंड, नितळ आणि हिरवट झाले. आपल्या नावातला तांबडेपणा कोलोरॅडोने तेथे गमावला.

ग्रंथाच्या नावाविषयी मात्र आक्षेप घ्यावासा वाटतो. कोणालाच ठाऊक नसलेले ठिकाण? घळई जलमय होण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने केलेल्या पाहणीत दोन हजारांहून अधिक प्राचीन स्थळांची नोंद झाली: कड्यांच्या कपारींतील दगडी घरे, धान्याची कोठारे, खडकावर कोरलेल्या आकृती. आजच्या प्वेब्लो लोकांचे पूर्वज येथे शतकानुशतके राहिले. नवाहो लोकांची भूमी नदीच्या दक्षिण तीराला लागून आहे, आणि जलाशयाच्या एका फाट्याशी असलेली इंद्रधनुष्याच्या आकाराची प्रचंड शिळाकमान त्यांना पवित्र आहे. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी कड्यातील एका फटीतून आपल्या गाड्या खाली उतरवून नदी ओलांडली होती. पोर्टरच्या चित्रांत यांपैकी कोणीच नाही. मनुष्य वगळून निसर्ग पाहण्याची ही दृष्टी त्या काळच्या अमेरिकन निसर्गचित्रणात सर्वत्र आढळते, आणि चित्राला जी नीरव शांतता येते ती काही अंशी या वगळण्याचीच असते. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण त्याला विचारले तेवढेच सांगतो.

या चित्रांचे टिकणे हाही एक स्वतंत्र विषय आहे. १९६० ते १९८० या काळातील साध्या रंगीत छायाचित्रांचे काय झाले ते घरोघरच्या अल्बममध्ये पाहायला मिळते. निळा-हिरवा उडून गेलेला आणि सगळी लग्नघरे तांबूस झालेली. रंगस्थानांतर पद्धतीत वापरले जाणारे रंग त्या मानाने फार टिकाऊ होते. अंधारात ठेवल्यास ती चित्रे दीर्घकाळ जशीच्या तशी राहतात. भिंतीवर टांगली आणि ऊन लागले तर मात्र तीही फिकी पडतात. पोर्टरचे निधन १९९० मध्ये झाले. त्याचा संग्रह टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील एमन कार्टर संग्रहालयाकडे आहे. या पद्धतीला लागणारी फिल्म आणि कागद बनविणे कोडॅक कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच थांबविले, त्यामुळे नदीबरोबर ती छापण्याची विद्याही जवळजवळ संपली. ग्रंथालयात आपल्या हाती येते ते अर्थात छापील पुस्तक. त्यातील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे असते. भिंगाखाली धरले की ते वेगळे दिसू लागतात. मूळ छापात ठिपके नसतात, रंग कागदात सलग मुरलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७९-८० मध्ये पोर्टरच्या ५५ मूळ छापांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा पुस्तकांतून त्याला ओळखणाऱ्या अनेकांना हा फरक प्रथमच पाहायला मिळाला असेल.

यानंतरची गोष्ट पोर्टरने पाहिली नाही. २००० पासून खोऱ्यात दीर्घ अवर्षण सुरू झाले. वाढते तापमान आणि नदीतून तिच्या कुवतीपेक्षा अधिक होणारी उचल यांमुळे जलाशय खाली जाऊ लागला. २००५ मध्ये तो क्षमतेच्या सुमारे एकतृतीयांशावर आला. २०२३ च्या आरंभी एकचतुर्थांशाहूनही खाली गेला. त्या वसंतात भरपूर बर्फ वितळून पातळी काहीशी वाढली, पण जलाशय भरला नाही. या ओहोटीत बुडालेल्या उपघळी एकामागून एक उघड्या पडल्या. पोर्टरने टिपलेली, 'वाळवंटातील देवालय' या नावाने ओळखली जाणारी घुमटाकार गुहा आणि तिच्यातला बारीक धबधबा ही दोन्ही पुन्हा दिसू लागली. त्यामुळे जुनी छायाचित्रे आणि आजची जागा यांची तुलना करणे शक्य झाले. साक्ष पडताळून पाहण्याची जी सोय नाहीशी झाली होती, ती काही प्रमाणात परत आली.

पडताळणीत काय दिसते? दगडाचे आकार तेच आहेत. पोर्टरने टिपलेला घुमट, त्याची वळणे, धबधब्याची जागा, सर्व जेथल्या तेथे सापडते. पण रंग परत आलेला नाही. क्षारयुक्त पाण्याच्या बादलीला आतून पांढरा थर बसतो, तसा कड्यांना जलाशयाच्या जुन्या पातळीपर्यंत पांढरा लेप बसला आहे, आणि वाळवंटी रोगणाचे काळे पट्टे त्याखाली गेले आहेत किंवा धुऊन निघाले आहेत. पांढरी भिंत तांबडा प्रकाश वेगळा काढून परत फेकीत नाही, त्यामुळे समोरचे पाणी पूर्वीसारखे पेटत नाही. अनेक घळींच्या तळाशी कित्येक मीटर गाळ साचला असून ओढे तो कापीत मूळ तळ शोधीत आहेत. म्हणजे पोर्टरच्या चित्रांतील ज्या गोष्टीविषयी सर्वांत अधिक शंका घेतली गेली, त्या रंगाच्या बाबतीतच त्याचे चित्र आता एकमेव पुरावा उरले आहे. १९६२ च्या सप्टेंबरात मोक्वी ओढ्याचे पाणी नेमके किती हिरवे होते, हे आज तो ओढा सांगू शकत नाही.

वनस्पती मात्र दगडाइतक्या मंद नसतात. उघड्या पडलेल्या गाळावर प्रथम टॅमरिस्क आणि इतर उपरी झुडुपे उगवली. टॅमरिस्क हे युरोप-आशियातून आणलेले झुडूप असून ते धरणाच्या पूर्वीही नदीकाठी पसरले होते. पोर्टरच्या चित्रांतही ते आढळते. ज्या उपघळींत ओढ्याने गाळ वाहून नेला आणि वर्षानुवर्षे पाणी परतले नाही, तेथे वाळुंज आणि कॉटनवुड यांची रोपे मूळ धरू लागली. कॉटनवुडचे कापसासारखे बी वसंताच्या अखेरीस उडते आणि ओल्या, उघड्या वाळूवर पडले तरच रुजते. पूर ओसरल्यानंतरची ओली वाळू त्याला हवी असते. पहिल्या उघडिपीनंतर रुजलेली झाडे आता माणसापेक्षा कितीतरी उंच झाली आहेत, आणि ऑक्टोबरअखेर ती पिवळी होतात.